म्हातारबाच्या पोटातली वीण

मित्रांनो, कोपऱ्यातल्या लाकडी खोपटात, फावड्याच्या आणि पाणी घालायच्या झारीच्या मधे, चार चाकांवर जो लाल पत्र्याचा म्हातारा उभा आहे ना, तो मी. गवत कापायचं यंत्र. माझा लाल रंग आता विटून विटेसारखा झाला आहे, आणि मालकीणबाई बोडिल मला 'म्हातारबा' म्हणून हाक मारते. एवढी माया माझ्या वाट्याला आली. म्हणूनच पुढचं सांगताना माझी मान खाली जाते.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा ठोकला, पोटात एक लहानसं इंजिन बसवलं, खाली धारदार पातं लावलं, आणि वर दोरी दिली. दोरी ओढली की आत ठिणगी पडायची, आणि मी गुरगुरत उठायचो. ऑर्हूस शहराच्या कडेला ही बागवसाहत आहे. एकेकाच्या वाट्याला भाड्यानं कुंपणात मावेल एवढी जमीन, एक खोली, एक सफरचंदाचं झाड, एक झेंड्याची काठी. बोडिलचा शहरातला फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, तिथे तिची फक्त झोप होते. जगते ती इथे. वसंतात येते ती पानं गळेपर्यंत हलत नाही.

किती उन्हाळे मी तिच्या पुढे पुढे चाललो! ओल्या गवताचा वास सुटला की शेजारचा आयनार कुंपणावरून ओरडायचा, "बोडिल, तुझ्या हिरवळीवर बिलियर्ड खेळता येईल गं!" तेव्हा मी उगाच जोरात घरघरायचो. कौतुक कुणाला नको असतं?

गेल्या शरदात बोडिलचा गुडघा सुजला. मला नीट पुसायला, टाकीतलं पेट्रोल काढायला तिला वाकता येईना. पण तिनं एक केलं. जुनी निळी गोधडी आणली आणि मला पांघरली. "गारठशील हं, म्हातारबा," म्हणाली आणि लंगडत गेली.

त्या गोधडीत एक उंदरीण आली. आधी कापूस ओढून नेला, मग माझ्या पंख्यावरच्या झाकणाखाली, इंजिनाच्या आडोशाला एक घरटं रचलं. बाहेर बर्फ, आत तिची इवलीशी ऊब. खरं सांगतो मित्रांनो, मला ते आवडलं. खोपटातला हिवाळा फार लांब असतो. ती दातांना चाळा म्हणून माझी एक वायर कुरतडायची, आणि मी म्हणायचो, कुरतड बाई, तेवढीच सोबत.

वसंत आला. गुडघ्यामुळे बोडिल उशिरा आली, तोवर गवत पोटरीपर्यंत आलं होतं आणि पिवळ्या फुलांनी सगळी बाग भरली होती. वसाहतीच्या समितीनं तिला दोनदा बजावलं होतं. रविवारी सकाळी समिती फिरणार होती. त्या दिवशीही गवत वाढलेलं दिसलं, तर बाग काढून घेऊन वाट पाहणाऱ्या दुसऱ्या कुणाला देणार होती. आणि शनिवारी दुपारी तीननंतर सोमवारपर्यंत वसाहतीत मोटरचा आवाज करायचा नाही, हा नियम तर दगडावरची रेघ.

शनिवारी सकाळी तिनं दोरी ओढली. मी उठलो नाही. पुन्हा ओढली. दर हिसक्याला माझ्या पोटात काहीतरी दचकायचं. उंदरीण पहिल्याच हिसक्याला पळाली होती. पण तिची पिल्लं आत होती. बोडिल खांदा चोळत होती, आणि मला तोंड नव्हतं.

"बोडिल, झेंड्याची काठी अर्धीच दिसतेय गं!" आयनार कुंपणावरून म्हणाला. तो समितीत आहे. "माझं यंत्र देऊ का?"

"तुझं यंत्र तुलाच लखलाभ. मागच्या वर्षी कुंपण वाकडं म्हणून तक्रार कुणी केली होती?" बोडिलनं तोंड फिरवलं.

इतक्यात सायकलवरून तिची धाकटी बहीण थीरा आली. ती इस्पितळात परिचारिका होती. निवृत्त झाली तरी कुणाचीही नाडी धरल्याशिवाय तिला राहवत नाही.

"ओढून ओढून त्याचा जीव घेशील. सरक," थीरा म्हणाली. "आधी पोट बघू."

तिनं टाकीचं झाकण काढून वास घेतला आणि नाक मुरडलं. "शिळं पेट्रोल! हिवाळाभर आत ठेवलंस?"

"गुडघा तुझा होता की माझा?"

"मला फोन करता येत नव्हता? का जिभेलाही सूज आली होती?"

टाकी रिकामी झाली, ताजं पेट्रोल आलं. दोरी ओढली. काही नाही. मग तिनं पान्यानं स्पार्क प्लग काढला, तारेच्या ब्रशनं काजळी घासली, तो पत्र्याला टेकवून बोडिलला दोरी ओढायला सांगितली, आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"ठिणगीच नाही. नवा प्लग आहे का?"

नवा लावला. तरीही नाही.

"म्हणजे दुखणं वर आहे," थीरा म्हणाली आणि पंख्यावरच्या झाकणाचे स्क्रू सोडवू लागली. मला वाटलं, आता नको. त्याच वेळी वाटलं, लवकर, तीन वाजायच्या आत. दोन्ही एकदम वाटणं फार वाईट असतं.

झाकण उचललं. निळ्या कापसाच्या वाटीत वालाच्या दाण्यांसारखी गुलाबी, मिटल्या डोळ्यांची पिल्लं वळवळत होती.

बोडिलनं कापूस ओळखला. ती गुडघा सांभाळत खाली बसली. "माझीच गोधडी. मीच बोलावलं की त्यांना."

"आणि ही बघ." थीरानं बोट दाखवलं. "यंत्र बंद करायची वायर. वरचं आवरण कुरतडलंय आणि उघडी तार पत्र्याला टेकलीय. म्हणून ठिणगी मरते. पट्टी बांधली की झालं. पण आधी ही पोरं हलवायला हवीत."

"हलवली तर आई परत येईल?"

थीरा सुटे स्क्रू गोळा करू लागली. "येते कधी कधी."

"तू इस्पितळात लोकांना असंच सांगायचीस ना?"

"बोडिल, उद्या ही बाग गेली तर कुठे जाशील? चौथ्या मजल्यावर?"

बोडिल बराच वेळ सफरचंदाच्या झाडाकडे बघत राहिली. मग उठली. रिकामी कुंडी आणली, आत कोरडं गवत पसरलं, आणि कापसासकट घरटं दोन्ही तळव्यांत उचलून अलगद ठेवलं. थीरानं मदतीला हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू दे. माझ्याच हातानं जाऊ दे." कुंपणाशी कुंडी आडवी ठेवताना ती पुटपुटत होती,

निजा रे निजा बाळांनो, मातीच्या कुशीत
आई गेली दाण्यासाठी, येईल ती खुशीत

थीरानं पिशवीतून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली, वायर पत्र्यापासून सोडवली आणि बोटाला बांधावी तशी बांधली. झाकण बसलं. दोरी ओढली.

मी पेटलो. धूर झाला, खोकलो, आणि मग गर्जत सुटलो. मला थांबायचं होतं मित्रांनो, कारण माझा आवाज कुंडीपर्यंत जात होता, आणि जिची वाट बघायची ती उंदरीण या आवाजात कशी यावी? पण मी थांबलो नाही. उंच गवत एका झटक्यात कापलं जात नाही, म्हणून पातं वर घेऊन एकदा, मग खाली घेऊन पुन्हा, असे आम्ही तीनपर्यंत कापत राहिलो. इतकी सुरेख हिरवळ माझ्या हातून कधी झाली नव्हती, आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी दोघी बहिणी आधी कुंडीकडे गेल्या. खोपटाचं दार उघडं होतं, मला दिसत होतं. कुंडीत नुसता कापूस होता. आणि पलीकडे, आयनारचं मांजर पायरीवर उन्हात बसून पंजा चाटत होतं.

थीरानं मांजर पाहिलं. बोडिलनंही पाहिलं असावं.

"आईनं नेली," बोडिल म्हणाली. "रात्रीतून एकेक करून नेली असतील. हो ना गं?"

आदल्या दिवशी शब्दाला शब्द देणाऱ्या थीरानं मांजराकडे पाठ केली. मग तिनं बहिणीचा हात धरला. "हो. आईनंच नेली. उंदरीण फार चिवट असते."

थोड्या वेळानं समिती आली. आयनार हिरवळीवर उभा राहून म्हणाला, "झकास! बाग तुझीच, बोडिल." ती "कॉफी घेता का?" म्हणाली, आणि उत्तर यायच्या आत खोलीत गेली.

मित्रांनो, पिल्लं कुणी नेली, ते मला ठाऊक नाही. बोडिल विचारत नाही, थीरा सांगत नाही. मी मात्र तेव्हापासून दर वेळी पेटताना आधी थोडा अडखळतो. लोकांना वाटतं, म्हातारा झालाय.

तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर शरदात त्याची टाकी रिकामी करा, पातं पुसा, आणि काही पांघरू नका. गारठू दे. आम्हाला थंडी सोसते. आणि वसंतात दोरीला हात घालण्याआधी एकदा झाकण उचलून आत बघा. आत कुणी निजलं असेल, तर आम्हाला सांगता येत नाही.