लागला म्हणूनच समजा

१९६४ साली चिंचवडजवळच्या एका कारखान्यासाठी सोपानरावांची सहा एकर जमीन गेली. तेव्हा कंपनीचे जमीन-अधिकारी उद्धवराव त्यांच्या ओट्यावर बसून म्हणाले होते, "तुमचा खंडू कंपनीत लागला म्हणूनच समजा."

सोपानरावांनी समजून घेतले. समजण्याच्या कामी ते कमी पडणारे गृहस्थ नव्हते. सुभद्राबाईंनी पेढे वाटले. राजगुरुनगरचे स्थळ चालून आले. व्याह्यांनी जावयाची शिफ्ट विचारली. ती पहिली असल्याचे समजण्यात आले.

अशा रीतीने खंडू तीन वर्षे कंपनीत होता. हातांनी मात्र तो उरलेल्या दीड एकरात कांदे लावत होता.

अखेर मुलाखतीचे बोलावणे आले. साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "समजा, चालू यंत्रात तुझा हात अडकला. काय करशील?"

खंडूने दोन्ही हात टेबलावर ठेवून दाखवले. "न्हाई अडकला, साहेब."

"अरे, समजा म्हणतोय मी."

"तीन वर्सं त्येच करतोय, साहेब."

साहेबांनी शेरा लिहिला : उमेदवारास कल्पनाशक्ती नाही.

त्याच उन्हाळ्यात कंपनीच्या पाण्याचा नळ टाकायचे निघाले आणि नकाशावरची रेषा नेमकी त्या दीड एकरातून गेली. उद्धवराव पुन्हा ओट्यावर आले. चार हात रुंदीची पट्टी हवी होती, संमती लेखी हवी होती आणि पावसाळ्याआधी हवी होती.

"मग कधी देताय, सोपानराव?"

सोपानरावांनी शांतपणे सुपारी कातरली. "दिली म्हणूनच समजा."

त्या शब्दाचा अर्थ उद्धवरावांइतका नेमका कोणालाच ठाऊक नव्हता. आसपासच्या बारा गावांत तो त्यांनीच वापरला होता. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"असं नका म्हणू, राव. सही करा."

"करीन की. केली असं समजा."

आठव्या दिवशी खंडूच्या नेमणुकीचे पत्र आले. कल्पनाशक्तीचा त्यात उल्लेख नव्हता. सोपानरावांनी ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतले. तारीख होती, शिक्का होता, 'हजर व्हावे' असेही होते.

"त्यात कुटं 'समजा' हाय का?"

"न्हाई, आबा."

तेव्हा कुठे त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली.

"आता पेढे वाटू का?" सुभद्राबाईंनी दारातून विचारले.

"मागं वाटलेत न्हवं?" सोपानराव म्हणाले. "त्येच ह्याचे समजा."