तारकशीची फुंक

“आज तू मध्ये पडायचं नाहीस,” आमचे हे फुंकणी हातात घेत म्हणाले. “शेठसमोर मीच फुंकणार.”

“फुंका की! जिना चढताना धाप लागते, आणि निघालेत फुंकायला!”

बोलून गेले, पण जीव टांगणीला लागला होता. केसाएवढी चांदीची तार पिळायची, चपटी करायची, वळवून पानंफुलं भरायची, हे सगळं ते अजून डोळे मिटून करतील. पण शेवटी जोड पक्का करायला दिव्याच्या ज्योतीवर एकसारखी फुंक मारावी लागते. कमी पडली तर जोड सुटतो, जरा जास्त झाली की सगळ्या नक्षीचा गोळा. यांची छाती बिघडल्यापासून ती फुंक माझी. मी शेजारी स्टुलावर बसते; ते “हं” म्हणतात, मी फुंकते. “बास” म्हणतात, मी थांबते. शेठला कळलं तर काम बंद करतील या धास्तीने त्यांनी मला शपथच घातली होती.

आणि थोड्याच वेळात शेठ स्वतः येऊन समोर बसले. मशीनवर असलेच दागिने निघतात म्हणे, मग तुमच्या हाताचं वेगळं काय ते दाखवा.

मी चहा ठेवला, उतरवला, पुन्हा ठेवला. एका जागी उभं राहवेना.

यांची पहिली फुंक बरी गेली. मग खोकल्याची अशी उबळ आली की ज्योत भरकटली आणि पानाची कड लालभडक झाली. महिनाभराची मेहनत हो! मेलं ते गुपित, म्हटलं. फुंकणी ओढून घेतली आणि तोंडाला लावली.

खोकता खोकताच ते म्हणाले, “हं... हळू... बास!”

जोड बसला. शेठनी पान उजेडाकडे धरून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे वहिनी, ही जाळी तुम्ही करता होय?”

यांना चिडवायला इतकी वर्षं मीच ‘जाळी’ म्हणत आले. मच्छरदाणी आहे का ती, म्हणून हे भडकायचे. आज मात्र माझंच डोकं फिरलं.

“जाळी काय! तारकशी म्हणतात तिला. आणि ती यांची आहे. ‘बास’ कधी म्हणायचं ते मला अजून कळत नाही.”

शेठ हसले. पुढचं काम उद्या पाठवतो म्हणाले आणि गेले.

आता हे घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. पण त्यांनी फुंकणी स्वच्छ पुसली. काम संपलं की ती त्यांच्या पेटीत जायची, लग्न झाल्यापासून बघतेय. आज त्यांनी पेटी बंद केली आणि फुंकणी माझ्या स्टुलावर ठेवली.