खाऱ्या वाळूतला भुंगेरा, मुक्काम आर. के. पुरम

मी एक जुना, म्हणजे गेल्या वर्षी मेलेला, भुंगेरा आहे. तिळाच्या निम्म्याएवढा. मित्रांनो, दिल्लीतल्या एका सरकारी क्वार्टरमध्ये, टाचणीवरच्या कागदाच्या टोकाला मला चिकटवलं आहे. खाली गावाची चिठ्ठी आहे. ती माझ्याहून मोठी आहे आणि खोटी आहे.

माझा जन्म कोकणातल्या एका खाडीच्या काळ्या, खारट वाळूतला. आमचं घराणं फक्त तिथेच नांदतं. भरती आली की वाळूत शिरायचं, ओहोटीला शेवाळ चरायचं, एवढाच उद्योग. एके दिवशी किड्यांचा अभ्यास करणाऱ्या विनयाताई दिल्लीहून आल्या आणि कापडी चाळणीने वाळू चाळू लागल्या. घाबरून मी शिवणीत दडलो. बाकीचे बरेचसे पकडले गेले. मी स्वतःला हुशार समजलो.

ताई घाईत होत्या. चाळणी न झटकताच त्या चाळीस किलोमीटरवरच्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर गेल्या. तिथे मी पडलो तो थेट त्यांच्या तळहातावर.

"अरे वा, हे इथेही राहतात!"

एवढं कौतुक माझं कधीच झालं नव्हतं. मी गप्प राहिलो. पुढे अहवाल झाला: ही जात दुसरीकडेही आहे, खाडीत भराव घालून धक्का बांधायला हरकत नाही.

परवा चाळणी धुताना शिवण उसवली. बाल्कनीत काळी वाळू सांडली आणि तिच्यात माझा एक वाळलेला भाऊ. ताईंनी माझ्या खालची चिठ्ठी पुन्हा वाचली. "म्हणजे हा तिथला नव्हताच, चाळणीतून आला होता!"

"अगं, फाईल उद्या सहीला जाणार," त्यांचे यजमान मुरलीधरराव म्हणाले. "आता चूक म्हणालीस तर लोक हसतील, यार. चिमूटभर किड्यांसाठी?"

"चिमूटभरच आहेत रे ते, मुरली. सगळे मिळून."

दडलो होतो मी, हे मला सांगायचं होतं. पण मेलेल्याची साक्ष सरकारदरबारी चालत नाही. जिवंतांचीही क्वचितच चालते.

ताईंनी ऑफिसला फोन लावला. "साहब, मेरी रिपोर्ट गलत है. फाइल रोक दीजिए." मग बराच वेळ नुसतं "जी, बिल्कुल" चाललं होतं.

फाईल थांबली. ताईंकडून लेखी खुलासा मागवला गेला.

मित्रांनो, कौतुक चुकीच्या पत्त्यावर आलं तर लगेच परत पाठवा. जिवंत असेपर्यंतच ते जमतं.