कपाटातला घेवडा

माझ्या पोटातले दाणे मेले आहेत, हे कळले त्या दिवशी आजोबांनी ओले फडके उलगडले. आठ दिवस भिजत ठेवलेले पंचवीस दाणे, आणि मोड एकालाही नाही. त्यांनी एक दाणा बोटाने दाबला. तो फुटला आणि कुजका वास आला.

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे आणि मी रागावले आहे. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नका.

आधी मी दुकानात होते, गोळ्यांची बरणी म्हणून. गोळ्या संपल्यावर आजींनी मला मागून आणले. त्यांच्या सासूबाईंनी दिलेले घेवड्याचे बी त्यांना ठेवायचे होते. हा घेवडा जांभळ्या ठिपक्यांचा, बाजारात न मिळणारा. दर वर्षी आजी मला रिकामी करत, दाणे पेरत, चांगल्या शेंगा वेलावरच वाळू देत आणि नव्या दाण्यांना राख चोळून मला पुन्हा भरत. त्या शेंगांकडे कोणी नुसते पाहिले तरी ओरडत, "बियाण्याला हात लावाल तर हात मोडून ठेवीन!" चाळीस वर्षांत माझ्यातले दाणे दर वर्षी बदलले. घेवडा मात्र तोच राहिला.

मग आजी गेल्या. मुलाने माझ्यावर चिठ्ठी चिकटवली, 'आईचा वारसा', आणि मला बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवले. कपाटात दिवा होता. तो लागला की माझे अंग तापे. पाहुणे म्हणत, "किती छान जपलंय हो!" सूनबाई माझी धूळ पुसत. अशी सहा वर्षे गेली. आत काय चालले आहे, हे एकानेही झाकण उघडून पाहिले नाही.

यंदा नातीला गृहपाठ आला, 'वारसा' शब्दाचा अर्थ लिहा आणि वाक्यात उपयोग करा. तिने लिहिले, 'वारसा म्हणजे पूर्वजांकडून मिळालेली गोष्ट. आमच्या घरी आजीचा वारसा कपाटात आहे.' वाचून दाखवताना ती मध्येच थांबली.

"आजोबा, आजीला मिळाला तेव्हा कपाट होतं?"

"कुठलं कपाट!"

"मग कुठे होता?"

"मातीत," आजोबा म्हणाले. आणि त्याच दुपारी त्यांनी माझे झाकण उघडले.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. मुलगा चिडला. "बाबा, उघडायची काय गरज होती? इतकी वर्षं नीट होतं."

"नीट? मेलेलं नीटच दिसतं. ते ओरडत नाही!"

"तुम्हीच म्हणाला होतात, हात लावायचा नाही."

ते खरे होते. आजी गेल्या त्याच वर्षी आजोबांची धाकटी बहीण खुरपे घेऊन आली होती. "दादा, वहिनीचा घेवडा पेरते. हंगाम निघून जाईल." आजोबा कडाडले, "माझ्या बायकोच्या वस्तूला हात लावायचा नाही. चालती हो!" ती गेली, ती पुन्हा आली नाही.

"पण आजीने आत्याआजीला मूठभर दाणे दिले होते ना?" नात म्हणाली. "तिच्याकडे असेल की!"

"मी करतो आत्याला फोन," मुलगा म्हणाला.

"तू नाही. हाकलून मी दिलं होतं."

मित्रांनो, दुःख झाले की वस्तू कवटाळून बसावेसे वाटते, ते मला समजते. पण वारसा म्हणजे आपल्या हातात आलेले आणि पुढच्या हातात द्यायचे. ते पेरा, शिजवा, वाटा, बिघडले तर पुन्हा करा. नुसते पुसून ठेवाल, तर तुमच्याकडे फक्त बरणी उरेल. आणि मी काही वारसा नाही. मी काच आहे.

चिठ्ठी काढून मला धुतले आहे आणि ओट्यावर पालथे घातले आहे. पेरणीला बारा दिवस उरले आहेत. आजोबांनी बहिणीला अजून फोन केलेला नाही.