नऊ वर्षं दोघांना पाठीवर घेऊन

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझ्या टाकीला पोचे पडले आहेत आणि डावा आरसा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आहे. जुन्या वस्तू सहसा गोड बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका, मी फार वैतागलेली आहे.

कारखान्यातून मी जळगावच्या दुकानात आले आणि तिथून मुक्ताईनगरजवळच्या केळीच्या मळ्यात. माझे पहिले मालक बन्सीलाल आबा. त्यांनी माझ्यावरून खताच्या गोण्या नेल्या, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी नेली, बायकोला, इंदिराबाईंना, डोळ्यांच्या ऑपरेशनला नेलं. दर रविवारी ते मला स्वतः पुसत. त्यांच्या हातात मी एकदाही बंद पडले नाही.

मग त्यांचा मुलगा, नवीन, कबड्डीसाठी जळगावला राहायला गेला आणि मला घेऊन गेला. तिथल्या मैदानावर त्याला प्रशील भेटला. प्रशील भडगावचा, अंगणवाडी सेविका पार्वताबाईंचा मुलगा. तो चढाई करायचा, नवीन डाव्या कोपऱ्यात पकड करायचा. पहिल्याच दिवशी सराव संपल्यावर नवीन त्याला म्हणाला, "बस मागे, सोडतो." तो बसला. तेव्हापासून ती सीट त्याचीच झाली.

पुढे दोघं व्यावसायिक खेळाडू झाले. संघांशी करार झाले, सामने टीव्हीवर दिसू लागले. नवीनला चारचाकी घेता आली असती. प्रशीलला स्वतःची गाडी घेता आली असती. दोघांनीही घेतली नाही. त्यामागचं कारण कुणालाही कळलं असतं, मलासुद्धा कळलं होतं. या दोघांना मात्र कळत नव्हतं.

एकदा प्रशील बाहेरगावचे सामने खेळून परत येणार होता. नवीन दोन तास आधीच भुसावळ स्टेशनबाहेर जाऊन उभा राहिला. प्रशीलने आल्या आल्या विचारलं, "कधी आलास?"

"आत्ताच."

माझं इंजिन केव्हाच गार झालं होतं. मला बोलता येत असतं तर मी तिथेच सगळं सांगून टाकलं असतं.

वजन, खाणं, दुखरे खांदे, समोरच्या संघाचा बचाव, सगळ्यावर ते बोलत. फक्त एका गोष्टीवर बोलत नसत. आणि या नादात माझं ऑइल बदलायचं राहून जाई.

गेल्या वर्षी दोन गोष्टी एकाच आठवड्यात आल्या. गुजरातच्या एका संघाने प्रशीलला तीन वर्षांचा करार देऊ केला. त्याने नवीनला विचारलं, "जाऊ का?" त्याला 'नको जाऊ' ऐकायचं होतं. नवीन म्हणाला, "जा. चांगली संधी आहे." आणि घरच्यांनी नवीनसाठी धुळ्याची एक मुलगी बघितली. हा शहाणा मुलगी बघायला निघाला तो प्रशीलला मागे बसवून.

मुलीचं नाव प्राची. ती शाळेत विज्ञान शिकवते. कार्यक्रम आत झाला, मी फाटकाशी उभी होते. निघताना प्रशील पाण्याची बाटली आणायला दुकानात गेला, तेव्हा प्राची बाहेर आली.

"तुम्ही अर्धा तास बोललात," ती नवीनला म्हणाली. "त्यातला बहुतेक वेळ तुमच्या या मित्राबद्दल. त्यांना माहीत आहे का?"

ती रागावलेली नव्हती. "मी घरी 'नाही' म्हणून सांगते," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना सांगा."

परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या अलीकडे मी बंद पडले. मुद्दाम नाही, मित्रांनो. वर्षभराच्या घाणीने कार्बुरेटर तुंबला होता. भर दुपारी दोघं मला ढकलत निघाले.

"प्राचीने मला एक विचारलं," नवीन हँडल धरून म्हणाला. "तुला माहीत आहे का म्हणून."

"काय?"

"की मला लग्न करायचं नाही. मला तू हवा आहेस. मित्र म्हणून नाही." थोडं चालून तो म्हणाला, "म्हणजे, मित्र म्हणूनही."

प्रशीलने मला ढकलणं थांबवलं. तो चिडला की त्याच्या तोंडी भडगावची बोली येते. "नऊ वरीस मी तुन्हा मांगे बसस," तो म्हणाला. "माले यष्टी भेटत नव्हती का?"

नवीन रस्त्याच्या कडेला खाली बसला आणि हसत हसत रडू लागला. प्रशील त्याच्याशेजारी बसला आणि त्याने त्याचा हात हातात घेतला. मला स्टँडवर लावायचंही त्यांना सुचलं नाही. मी बाभळीला टेकून उन्हात तापत राहिले, आणि त्या दिवशी माझी काही तक्रार नव्हती.

प्रशील गुजरातला गेला, पण करार एका वर्षाचाच मागून घेतला. त्याआधी दोघांनी आपापल्या घरी सगळं सांगितलं. प्रशीलची आई पार्वताबाई खूप रडल्या, मग त्यांनी दोघांना जेवायला बोलावलं. बन्सीलाल आबांनी मात्र चार महिने नवीनचा फोन उचलला नाही. त्या चार महिन्यांत नवीन माझ्यावर बसून नुसता मैदानापर्यंत जाई आणि परत येई.

हंगाम संपवून प्रशील परतला. दोघं माझ्यावरून निघणार, तेवढ्यात प्रशीलचा फोन वाजला. पलीकडे आबा होते. मी त्यांचा आवाज ओळखला.

"त्याचा घुटना दुखून राह्यला म्हने," आबा म्हणाले. "तो मले खरं सांगनार नही. तू सांग."

प्रशीलने सगळं सांगितलं. कुठे दुखतं, डॉक्टर काय म्हणाले, कुठला व्यायाम तो टाळतो. आबा मध्येच विचारत होते, तो उत्तर देत होता. नवीन मान खाली घालून माझ्या टाकीवरून हात फिरवत राहिला.

मित्रांनो, घरात जुनी गाडी असेल तर तिचं ऑइल वेळेवर बदला. आणि मनात कुणी असेल तर त्या माणसाला सांगा. गाडी रस्त्यात बंद पडेल तेव्हा सांगू, असं म्हणत बसू नका.