शिल्लक एकशे दहा

होडीची ट्रॉली साखर कारखान्याच्या काट्यावर चढली, तेव्हा रेश्माचा जीव टांगणीला लागला होता. जीपच्या पुस्तकात साफ लिहिलेलं, मागं साडेसातशे किलोच्या वर ओढायचं नाही. वजन जास्त भरलं तर सांगलीची शर्यत हुकणार. कडेगावकडच्या बायकांची होडी पहिल्यांदाच कृष्णेत उतरणार होती हो! रेश्मासोबत वल्हवणाऱ्या बाकीच्या तिघी एसटीनं पुढं गेल्यासुद्धा.

"ट्रॉली धरून सहाशे चाळीस!" काटेवाला ओरडला.

"म्हंजी एकशे धा शिल्लक हाय की!" सासरे आकाराम खूश झाले.

शिल्लक! तिथंच घोटाळा झाला. आमच्याकडं रिकामी ट्रॉली कुणी जाऊ देतंय होय? घरी पोचेस्तोवर बातमी गावभर झाली. सुलाबाईनं सांगलीतल्या लेकासाठी ज्वारीची दोन पोती आणली, बिराप्पानं मेहुण्यासाठी नारळाची रोपं. आकाराम कुणाला नाही म्हणतील तर शपथ.

"ठेव गड्या, जागा लय हाय."

"मामंजी, जागा आहे, पण वजन?" रेश्माचं तोंड दुखलं सांगून.

"आगं, ट्रॅक्टर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या वढतोय."

"तो ट्रॅक्टर आहे!"

"मग? चाकं त्याला बी चारच हायती."

घ्या! मिलिटरीत जन्मभर ट्रक चालवलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? वर सासूबाई लीलाबाईंनी सांगलीत विश्रामबागेला दिलेल्या लेकीसाठी गुळाच्या ढेपा चढवल्या आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. सुनेच्या गावतळ्यातल्या वल्हवण्याला त्यांनी आजवर बरं म्हटलं नव्हतं की वाईट. आज तरी त्यांनी आपल्याला होडीत बघावं, असं रेश्माला फार वाटत होतं.

पहिल्याच मोठ्या चढाला जीपनं मान टाकली. क्लचचा जळका वास सुटला, ट्रॉली गाडीला उलटी मागं ओढायला लागली. आकारामांनी कचकन ब्रेक दाबला, खाली उडी मारून चाकांमागं दगड लावले. तेवढ्यात पुढं गेलेल्या तिघींतल्या साक्षीचा फोन आला. "वहिनी, कुठं हाईस? नावं पुकारायला लागलीत!"

रेश्माचं डोकंच फिरलं. "उतरवा सगळं! ज्वारी काय वल्हं मारणार हाय?"

आकाराम पोती उतरवायला लागले. रेश्मानं ढेपा उतरवल्या, रोपं उतरवली. आणि मग तिच्या ध्यानात आलं. लोकांचं सामान असं उघड्यावर टाकून जायचं कसं? तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

जीपचं दार उघडलं. लीलाबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि ज्वारीच्या पोत्यावर ऐसपैस बसल्या.

"मी हाय हितं. तुमी व्हा म्होरं."

"आत्याबाई, तुमीच न्हाई आलात तर..." रेश्मानं त्यांचा हात धरला. "तुमी बघावं म्हणून तर एवढी धडपडत होते मी."

"तळ्याच्या बांधावनं रोज बघतीयाच की," लीलाबाई करवादल्या. "ती डावीकडची साक्षी वल्हं उशिरा टाकती, तिला जरा दम भर. जा, पळ आता!"