धुतल्या तिकिटाला डिंक

उमरेडात एक होता लहानू, त्याची होती तुळसाबाई, अन् त्या दोघांच्या मधात होतो मी. मी दोन आण्यांचं टपाल तिकीट बोलतोय. अंगावर बोधिवृक्ष, चारी कडांना दाते, पाठीला डिंक. जन्म छप्पन सालचा, बुद्धजयंतीचा.

त्याच साली दसऱ्याला लहानू पायी नागपुरात आला. त्यानं दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी टपालात जाऊन मला विकत घेतलं, जिभेनं ओलं केलं अन् पाकिटावर चिकटवलं. त्याला लिहिता येत नव्हतं, उमरेडच्या घरचा पत्ता दुसऱ्यानं घातला. आत चिठ्ठी नव्हतीच. दीक्षेच्या मैदानावरची चिमूटभर माती होती.

मग टपालवाल्यानं ठसा हाणला. धप्प! अर्धा माझ्या अंगावर, अर्धा पाकिटावर. नागपूर, तारीख, साल. मला वाटलं, जन्माचं तोंड काळं झालं.

दोन वर्षांत लहानू तापानं गेला. फोटो कधी काढलाच नव्हता. तुळसाबाई मग दोघी पोरींना, कांताला अन् धाकटीला, त्या गोल ठशावर बोट ठेवायला लावायची. "हा तुमचा बाप वं. या दिवशी तो तिथं होता." ठसा म्हणजे बाप, असंच त्या घरात चाललं. तेव्हा मला कळलं, माझं तोंड काळं झालं नव्हतं, उजळलं होतं.

तुळसाबाईनंतर कांताबाईनं मला नागपुरात आणलं, लुगड्याच्या घडीत ठेवलं. धाकटीचा पोरगा धम्मानंद मावशीच्या मांडीवर बसून माझे दाते मोजायचा. त्या इवल्या बोटाचा मला लळा होता. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

धम्मा मोठा झाला. नागपूरच्या महाल भागात दुकान टाकून जुनी नाणी, जुनी तिकिटं विकू लागला. यंदाच्या उन्हाळ्यात घरी आला, भिंग लावून मला न्याहाळलं.

"मावशी, ठशानं तिकीट पार खराब केलं वं. धुऊन आणतो."

"काहून धुतं बाबू? चांगलं तर आहे."

"साफ तिकिटालेच मान असते. आजाचं तिकीट असं मळकं ठेवाचं काय?"

मळकं! त्या शब्दानं त्या घराण्याला पिढ्यान् पिढ्या दारातून हाकललं होतं. कांताबाईनं मला त्याच्या हातात दिलं.

धुतलं कुठं! त्यानं मला पाकिटासकट प्लास्टिकच्या कव्हरात सरकवलं. मावशीला माझ्यासारखंच दुसरं कोरं तिकीट नेऊन दिलं. वर सांगितलं, पाकीट पाण्यात विरघळलं. दुकानात मात्र गिऱ्हाइकाला म्हणायचा, "किंमत या ठशाचीच आहे, साहेब. दीक्षेच्या दुसऱ्या दिवसाचा, नागपूरचा! तिकीट अन् पाकीट, ठसा दोहोंवर पडलेला. पाकिटावरनं काढलं तर मग काय राहते?" मावशीपुढे मी मळका, गिऱ्हाइकापुढे मी दुर्मिळ. ज्या बोटानं माझे दाते मोजले, त्याच बोटानं तो मला पुढं सरकवायचा.

एका दुपारी गिऱ्हाईक बसलेलं असताना दारात कांताबाई उभी. संगं नात प्रीती, पोटुशी. उन्हानं दोघी घामाघूम. कांताबाईच्या अंगठ्याला ते कोरं तिकीट घट्ट चिकटलेलं.

"धम्मा, हे माह्या अंगठ्याचं निघून नाही राहिलं."

"पाण्यानं निघते, मावशी."

"पाण्यानंच धुतलं होतं नं तू? मंग याच्या पाठीले डिंक कसा राहिला रे?"

धम्मानं टेबलाच्या काचेवर हात पसरला. इतक्यात प्रीतीनं मला काचेखाली पाहिलं. "आजी, आपलं पाकीट!"

कांताबाई काचेवर वाकली. आवाज चढवला नाही तिनं. "बाप धुऊन गेला म्हणून मी महिनाभर रडून राहिली रे. तुहा आजा नव्हता काय तो?"

"मावशी, आयक तं. अर्धे पैसे तुलेच देणार होतो."

"अर्धा बाप घेऊ काय मी?"

गिऱ्हाईक उठून चपला शोधू लागलं. धम्मानं काच सरकवली अन् मला पुढं केलं. कांताबाईनं अंगठा ओला केला, ते कोरं तिकीट सोडवलं अन् त्याच्या टेबलावर चिकटवून दिलं. "हे घे. हे तुहं."

आता मी प्रीतीच्या घरी भिंतीवर चौकटीत आहे. पाकिटाचा अर्धा अन् माझा अर्धा, ठसा पुरा आहे. धम्मा इकडे फिरकत नाही. त्या बोटाची आठवण येते, अन् आली की दाते शिवशिवतात. बाबांनो, माणसाच्या वापरानं आमच्या अंगावर जे उमटतं, त्याला मळ म्हणू नका. अन् धुऊन देतो म्हणणाऱ्याच्या हाती आम्हाला देऊ नका.

दसऱ्याच्या आठवड्यात प्रीतीला लेक झाली. कांताबाईनं तिला उचलून चौकटीपाशी आणलं, इवलं बोट ठशावर टेकवलं. "हा आपला लहानू वं, माय." कांताबाईला तिचा बाप परत भेटला, तसं ज्याचं हरवलं त्याला ते भेटो.